पृथ्वी गोल आहे हे घरच्या घरी कसं दाखवू?

लेक सातवीत. कुठलातरी व्हिडिओ बघून आल्यापासून ‘पृथ्वी सपाट आहे’ म्हणून वाद घालतेय. पुस्तकातलं चित्र दाखवलं तर म्हणते, "चित्र काय, कुणीही काढेल." मुद्दा बरोबर आहे, म्हणून गप्प बसले. आम्ही कोल्हापूरला, भाऊ नाशिकला. काही सुचवा.

कोकण्या: गुहागरला या. किनाऱ्यावर आडवं पडून सूर्य बुडताना बघायचा आणि बुडाला की टुणकन उभं राहायचं. सुमारे १० सेकंदांसाठी तो परत दिसतो. पोरांना भारी आवडतं. फक्त क्षितिज स्वच्छ हवं.

काठी_सावली: भाऊ नाशिकला आहे ना, मग अर्धं काम झालंच! २१ मार्चच्या सुमारास दोघांनी एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करा. बाराला नाही, १२:४० च्या आसपास सावली सगळ्यांत आखूड होते, तेव्हा मोजा. कोल्हापुरात साधारण ३० सेंमी, नाशकात ३६ येईल. काठी आणि सूर्यकिरण यांच्यातल्या कोनांत फरक ३.३ अंश, दक्षिणोत्तर अंतर ३६५ किमी. ३६० अंशांचे किती? जवळपास ४०,००० किमी. प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने हेच केलं होतं.

शंकासुर: सपाट पृथ्वी आणि जवळचा सूर्य धरला तरी दोन सावल्या जुळवता येतात. तिसरं ठिकाण घ्या, मग मात्र जुळत नाही.

मूळ प्रश्नकर्ती: तिसरं ठिकाण मिळालं, नणंद इंदूरला! लेकीने आत्ताच ओळंबा मागितलाय.