साडेतीन महिन्यांच्या बाळाचं डोकं मागून उजवीकडे चपटं: मोहरीची उशी, हेल्मेट की थांबायचं?

कऱ्हाडची_आई:
बाळ साडेतीन महिन्यांचं, पूर्ण दिवसांचं. डोकं मागून उजवीकडे चपटं आहे, उजवा कान डाव्यापेक्षा जरा पुढे दिसतो आणि झोपेत मान कायम उजवीकडेच. क्लिनिकमध्ये कॅलिपरने डोक्याची तिरकी मापं (कपाळाच्या एका बाजूपासून मागच्या उलट बाजूपर्यंत) घेतली, 131 आणि 122 मिमी आली. सासूबाई म्हणतात मोहरीची उशी द्या. मालिशवाल्या मावशी म्हणतात, रोज दाबून गोल करून देते. डॉक्टरांनी डोक्याला आकार देणाऱ्या हेल्मेटचा विषय काढलाय. ते आत्ताच घ्यावं का? आणि तोवर घरी नेमकं काय करायचं?

बालफिजिओ_सांगली:
ताई, आधी बरोबर वरून एक फोटो काढा. बाळाला मांडीवर सरळ बसवा, केस ओले करून चापून बसवा, नाक फोटोच्या वरच्या कडेकडे यायला हवं. चपट्या बाजूचा कान पुढे आणि त्याच बाजूचं कपाळही पुढे, म्हणजे डोकं समांतरभुज चौकोनासारखं एकीकडे सरकलेलं दिसलं, तर हा एकाच कुशीवरच्या दाबाचा परिणाम. तुमचं वर्णन त्यातलंच वाटतं. कान उलट मागे-खाली ओढलेला असेल, कवटीच्या सांध्यावर बोटाला कडक उंचवटा लागत असेल किंवा डोक्याचा घेर महिन्यागणिक वाढत नसेल, तर हेल्मेट बाजूला ठेवून थेट बालमेंदूशल्यचिकित्सकांकडे जा. सांधा वेळेआधी जुळला असेल तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया लहान वयातच करतात, तिथे महिनाभर थांबणं महागात पडतं.

आता मान. मान सारखी उजवीकडे का वळते, हे शोधल्याशिवाय डोक्याचं काही करून उपयोग नाही. बाळाला उताणं ठेवा, खांदे हलके धरा आणि खुळखुळा दाखवत हनुवटी डावीकडे खांद्यापर्यंत येते का बघा. उजवीकडे सहज येते पण डावीकडे अडते, आणि डोकं किंचित डाव्या खांद्याकडे झुकलेलं असतं, तर डाव्या बाजूचा मानेचा स्नायू आखडलाय. स्नायूत गाठ लागली तर सोनोग्राफी करून घ्या, नितंबाचे सांधेही त्याच वेळी तपासून घ्या. या दोन गोष्टी जोडीने आढळू शकतात. ताण द्यायची पद्धत फिजिओकडून हातावर हात ठेवूनच शिका. बाळ रडून अंग ताठ करत असेल तर ताण बसतच नाही, उलट विरोध वाढतो.

घरी पाळण्यात बाळाची दिशा फिरवा. बाळ नेहमी तुमच्या पलंगाकडे, खिडकीकडे किंवा पंख्याकडे बघतं. त्याचं डोकं आज जिथे आहे तिथे पाय आणा, म्हणजे तेच बघायला त्याला डावीकडे वळावं लागेल. पाजताना, कडेवर घेताना, बोलतानाही डावी बाजू. कापडी झोळीत झोपवू नका, त्यात डोकं एका खोलगटात अडकतं आणि हनुवटी छातीला टेकते. जागेपणी पालथं ठेवा, दिवसभरात थोडं थोडं करून तासभर तरी भरायला हवं. छातीखाली टॉवेलची गुंडाळी दिली की बाळ लवकर कंटाळत नाही. झोप मात्र उताणीच, चपटेपणाच्या भीतीने कुशीवर किंवा पालथं झोपवू नका.

ऑर्थोटिस्ट_ठाणे:
वरच्याशी सहमत, फक्त वेळेचं गणित जोडतो. डोक्याचा घेर पहिल्या 3 महिन्यांत महिन्याला साधारण 2 सेंमी, पुढच्या 3 महिन्यांत 1 सेंमी आणि नंतर वर्षापर्यंत महिन्याला अर्धा सेंमी वाढतो. हेल्मेट डोकं दाबत नाही. फुगीर भागाला ते टेकतं, चपट्या भागावर पोकळी ठेवतं आणि वाढ त्या पोकळीत जाते. वाढच नसेल तर हेल्मेट म्हणजे नुसती टोपी. म्हणून 4 ते 6 महिने हा सुरुवातीचा चांगला काळ, वर्षानंतर फारसं हाती लागत नाही.

तुमचा फरक 9 मिमी, मोठ्या मापाने भागलं तर 6.9 टक्के. अटलांटाच्या बालरुग्णालयाच्या पाच पायऱ्यांच्या मापात 6.25 ते 8.75 ही तिसरी, म्हणजे मधली पायरी. इथे घाई नको. 4 ते 6 आठवडे जागा बदलणं आणि मानेचे व्यायाम मनापासून करा, मग त्याच माणसाकडून, त्याच कॅलिपरने मोजून घ्या. फरक कमी होतोय तर थांबा. तिथेच अडकला किंवा वाढला तर साडेपाच महिन्यांच्या आत हेल्मेटच्या मापासाठी डोक्याचं स्कॅन करून घ्या. नोंदणीकृत ऑर्थोटिस्ट (अशी हेल्मेट मापाने बसवणारा) हवा, भारतीय पुनर्वसन परिषदेचा क्रमांक विचारायला लाजू नका.

हेही सांगतो, जरी आमच्या धंद्याच्या विरोधात असलं तरी. 2014 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या डच चाचणीत मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेली 84 बाळं होती. दोन वर्षांच्या वयात पूर्ण बरी झालेली हेल्मेटवाली साधारण 26 टक्के, बिनहेल्मेटची 23. जवळपास सारखंच. पण त्यात मान आखडलेली आणि अतितीव्र बाळं घेतली नव्हती, आणि हेल्मेट नीट न बसण्याच्या तक्रारीही बऱ्याच होत्या. त्यामुळे ‘हेल्मेट निरुपयोगी’ असा सरसकट अर्थ मी काढत नाही, ‘सगळ्यांनाच हवं’ असाही नाही.

निओनेटल_नर्स:
मोहरीच्या उशीबद्दल: नको. डोकं खोलगटात बसतं, बाळाला ते फिरवता येत नाही, तोंड बाजूला गेलं तर श्वास कोंडू शकतो. शिवण उसवली तर मोहरी नाकाकानात. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर 2022 मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या सगळ्याच उशांविरुद्ध सूचना काढली. मावशींना अंगाची मालिश करू द्या, डोक्याला फक्त हलका हात. दाबल्याने हाड गोल होत नाही आणि टाळूवर जोर तर मुळीच नको.

कऱ्हाडची_आई:
आभार. हेल्मेट लागलंच तर रोजचं कसं असतं? पुढच्या महिन्यात जावळ काढायचंय, टाळूला तेलही घालतो.

ऑर्थोटिस्ट_ठाणे:
जावळ स्कॅनच्या आधी उरकून घ्या. दाट केस नंतर काढले की आत ढिलं होऊन हेल्मेट गरगर फिरतं. तेल बंद, ते फोममध्ये मुरतं, वास येतो आणि घसरण वाढते.

पहिल्या दिवशी तासभर घाला, तासभर काढा. दुसऱ्या दिवशी 2 तास, तिसऱ्या दिवशी 4, चौथ्या दिवशी 8, मध्ये तासाची सुट्टी. आठवड्याभरात 23 तासांवर. उरलेला तास अंघोळ आणि सफाई: डोकं धुऊन पूर्ण कोरडं करा, आतला फोम 70 टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलच्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, उन्हात नाही, फोम आकसतो. एप्रिल-मेमध्ये घाम भरपूर येतो, मानेमागे पुरळ दिसलं की लगेच दाखवा. काढल्यावरची लाली तासाभरात गेली तर ठीक, राहिली तर पुन्हा घालू नका, त्या जागी आतून घासून घ्यावं लागतं. ताप आला की काढून ठेवा, उतरला की पुन्हा घाला. दर दोन आठवड्यांनी दाखवायला या, कारण डोकं वाढलं की पोकळी भरते आणि ती पुन्हा कोरावी लागते. दोन भेटी चुकल्या तर हेल्मेट वाढीलाच अडवायला लागतं.