सगळ्यालाच झडप म्हणायचं का? विमानातल्या हवेच्या वाटेवरचे शब्द

पंचवटीची अनुवादक:
नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या मुलांसाठी विमानाच्या भागांचे मराठी तक्ते करायचेत, त्याचा खर्डा माझ्याकडे तपासायला आलाय. नाशिकच्या मुलांना विमान काही नवीन नाही, डोक्यावरून सुखोई गेलं की नुसत्या आवाजावरून सांगतात, पण भागांची नावं विचारली की सगळी इंग्रजी. खर्ड्यात अडचण अशी आहे की पानोपानी 'झडप' आलंय. व्हॉल्व्ह म्हणजे झडप, फ्लॅप म्हणजे झडप, डॅम्पर झडप, लुव्हर झडप, इंजिनात हवा जाते त्या तोंडाजवळचं छोटं दार तीही झडपच. आणि वर तक्त्याचं नाव 'वायुप्रवाह नियंत्रक उपकरणे'. मुलांनी यातून काय समजायचं? तुम्ही रोजच्या कामात कुठला शब्द वापरता ते सांगा प्लीज, कोशातला असलाच पाहिजे असं नाही.

ओझरकर:
ताई, पहिलं ते 'नियंत्रक' काढा. आमच्याकडे नियंत्रक म्हटलं की टॉवरमध्ये बसलेला माणूस डोळ्यापुढे येतो, पेपरातही हवाई वाहतूक नियंत्रक असंच छापून येतं. 'हवेच्या वाटेतले भाग' म्हणा सरळ, मुलांना लगेच कळेल.

आता झडप. माझी सगळी नोकरी ओझर मिगला, विमानांच्या कारखान्यात गेली (कारखाना १९६४ चा, मिग-२१ साठीच उभा राहिला म्हणून वस्तीचं नावही मिगच पडलं, ते विमान २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलातून निवृत्त झालं तरी एसटीचा कंडक्टर अजून 'ओझर मिग' असंच ओरडतो), तर आमच्या शॉपमध्ये झडप हा शब्द मी फार कमी ऐकला, पण ऐकला तेव्हा एकाच अर्थाने ऐकला: जे उघडतं आणि मिटतं आणि मिटल्यावर हवा पूर्ण थांबते ते. बाकीच्यांना झडप म्हणू नये. जे हवा थांबवतच नाही, फक्त वळवतं किंवा तिचा वेग उतरवतं, त्याला झडप म्हटलं की मुलगा समजणार हे बंद करायचं दार आहे, आणि विमानात तर हवेला अडवून धरण्याची कामं थोडी, तिला नीट वाटेला लावण्याचीच जास्त.

मिग-२१ चंच बघा. नाकात तोंड आणि तोंडाच्या मधोमध तो टोकदार भाग, त्याच्या आत रडार. विमान ध्वनीच्या वेगापलीकडे गेलं की वेग वाढेल तसा तो पुढे सरकतो. कशासाठी, तर समोरून येणारी हवा ध्वनीपेक्षा वेगात असते आणि इंजिनाच्या पहिल्या पात्यांपाशी ती ध्वनिवेगाच्या साधारण निम्म्यावर आणावी लागते, त्याहून वेगात आत घुसली तर कॉम्प्रेसरला, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाला, झेपत नाही. टोकापासून तिरपा शॉक, म्हणजे हवेचा दाब एकदम चढतो ती लाट, निघतो आणि तो तोंडाच्या कडेपाशी बरोबर बसला पाहिजे म्हणून ही सरकासरकी. हा भाग काही उघडत नाही की मिटत नाही, मग झडप कसला? नाकाच्या दोन्ही अंगांना मात्र छोटी दारं असतात, थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) एकदम मागे घेतला आणि आत हवा तुंबली की ती बाहेर सोडायला. ती झडप. एकाच नाकावर दोन्ही प्रकार आहेत, तक्त्यात हेच चित्र घ्या.

एक सूचना, आम्ही बोलताना त्या टोकदार भागाला 'कोन' म्हणायचो, लिहिताना 'शंकू'च लिहा. मराठीत कोन म्हणजे अँगल, आणि 'कोनचा कोन' असं वाक्य झालं तर मास्तरही गोंधळतील.

अंबड एमआयडीसी:
काकांशी सहमत. मी विमानातला नाही, सेंट्रल एसीच्या डक्टिंगचं, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या वाटांचं, काम करतो, पण शब्द बरेचसे तेच आहेत आणि अर्थ वेगळे, म्हणून लिहितोय. डिफ्यूजर बघा. आमच्याकडे डिफ्यूजर म्हणजे छतातली चौकोनी जाळी, हवा खोलीभर पसरवणारी. पार्टी पण म्हणते 'साहेब दोन डिफ्यूजर वाढवून द्या'. आता तक्त्यात डिफ्यूजरला 'विसारक' लिहिलं असेल तर आमच्या जाळीला ते चालेल, पसरवतं म्हणून. विमानाच्या इंजिनात काय करायचं? तिथे डिफ्यूजर पसरवायला नसतो ना?

ओझरकर:
नसतो. तिथे डिफ्यूजर म्हणजे हवेचा वेग उतरवून दाब चढवणारी वाट. कॉम्प्रेसरच्या मागे असतो, दहनकक्षाच्या अलीकडे, कारण फार वेगाच्या हवेत ज्वाळा टिकत नाही. इनटेकची, म्हणजे हवा आत घेणाऱ्या तोंडाची, आतली वाटही तेच काम करते.

सातपूरची प्राध्यापिका:
मी इंजिनिअरिंगला शिकवते, इथे थोडं थांबायला हवं. पुष्कळ मराठी पुस्तकी मजकुरात डिफ्यूजरला रुंद होत जाणारी नळी असं समजावतात आणि ते अर्धंच खरं आहे. हवा ध्वनीपेक्षा हळू असेल तर वाट रुंद होत गेली की वेग कमी होतो आणि दाब वाढतो, बरोबर. पण हवा ध्वनीपेक्षा वेगात असेल तर सगळं उलटं होतं, तेव्हा रुंद होत गेलेल्या वाटेत वेग अजून वाढतो आणि तो उतरवायला वाट आधी अरुंद करावी लागते. कारण एवढंच की त्या वेगात हवेची घनता फार झपाट्याने बदलते, पाण्यासारखा हिशोब लागू पडत नाही. म्हणून स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, विमानाच्या इनटेकची वाट आधी आवळत जाते, मध्ये सगळ्यात चिंचोळी आणि मग पुढे उघडत जाते, आणि या पूर्ण वाटेला मिळून डिफ्यूजर म्हणतात. आता सांगा, 'रुंदावती नळी' असं नाव आकारावरून ठेवलं तर अर्ध्या नळीला ते खोटं पडतं. नाव कामावरून ठेवायचं, आकारावरून नाही, हा नियम अख्ख्या तक्त्याला लावावा असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण विद्यार्थी आकार पाठ करतात आणि मग परीक्षेत स्वनातीत नोझलचा प्रश्न आला की उलटं लिहून मोकळे होतात, दरवर्षी हेच बघते.

पंचवटीची अनुवादक:
मॅडम मग कामावरून 'मंदक' चालेल का? वेग मंद करतो तो मंदक.

सातपूरची प्राध्यापिका:
मंदक अणुभट्टीत गेलाय, न्यूट्रॉनचा वेग कमी करणारा पदार्थ. नववीचा मुलगा पुढच्या वर्षांत तो शब्द त्या अर्थाने वाचणारच. मी म्हणेन डिफ्यूजर राहू दे आणि खाली एक ओळ द्या, 'हवेचा वेग उतरवून दाब चढवणारी वाट'. काकांनी सहज लिहिलेलं हे वाक्य मला कुठल्याही संस्कृत शब्दापेक्षा जास्त पटलं. सगळंच परकं ठेवा असंही म्हणत नाहीये मी. विश्वकोशाने द्रव आणि वायू मिळून 'द्रायू' केलं, तो शब्द वर्गात मी रोज वापरते, छोटा आहे, उच्चाराला सोपा आहे, फ्लुइडला दुसरं इतकं चांगलं काही सापडणार नाही. जेटला 'झोत' हाही तसाच, मराठी माणसाला समजावूनच सांगावा लागत नाही. चांगला शब्द मिळाला की घ्यावा, ओढूनताणून बनवू नये.

जुन्या नाशकातला:
लुव्हरवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. लुव्हरला आपल्याकडे शब्द आहे हो, झिलमिल. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना तिरप्या फळ्यांची कवाडं असायची, फळ्या एकाखाली एक, हवा आत येते आणि ऊन-पाऊस बाहेर राहतो, त्यांना झिलमिल म्हणायचे. सराफ बाजाराच्या मागच्या गल्ल्यांमध्ये अजून एखाददुसरी दिसते, फळ्यांच्या मधोमध एक उभी काठी असते, ती खालीवर केली की सगळ्या फळ्या एकदम वळतात. विमानातल्या लुव्हरचं काम असंच असेल तर झिलमिल का नको?

ओझरकर:
वा. हे मला सुचलं नव्हतं. सुखोई-३० च्या इनटेकच्या पोटाखाली अगदी अशाच पट्ट्या असतात, एकामागे एक. उड्डाण घेताना विमान हळू असतं आणि इंजिन पूर्ण जोरात, तेव्हा पुढच्या तोंडातून मिळणारी हवा पुरत नाही, मग आतला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो आणि त्या पट्ट्या आत वळून खालून जास्तीची हवा घेतात. वेग वाढला की मिटतात. शिवाय इनटेकच्या आत बारीक जाळी उभी राहते, धावपट्टीवरचा खडा, नटबोल्ट, काही आत ओढलं जाऊ नये म्हणून, आणि उड्डाणानंतर ती तळाशी आडवी पडून जाते. जाळीला जाळीच म्हणा, तिथे काही शोधायची गरज नाही. पट्ट्यांना झिलमिल एकदम बसतो.

अंबड एमआयडीसी:
झिलमिल भारी आहे पण आमचे कारागीर लुव्हरच म्हणणार, तक्त्यात दोन्ही द्या. डॅम्परचं सांगतो, डक्टमध्ये आडवी फिरणारी पत्र्याची पाळ, पूर्ण मिटते किंवा अर्धी ठेवता येते. काकांच्या नियमाने ती झडप होते ना? मिटू शकते म्हणून.

ओझरकर:
होते. आणि विमानात सगळ्यात खरी झडप म्हणाल तर आउटफ्लो व्हॉल्व्ह. प्रवासी विमान ३५-४० हजार फुटांवर असतं तेव्हा आतली हवा ८ हजार फुटांच्या वर असल्यासारखी होऊ द्यायची नाही, तो दाब राखतं कोण, तर ही झडप. लोकांना वाटतं हवा आत भरून सगळं घट्ट बंद करतात. तसं नाहीये. बहुतेक विमानांत इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून गरम दाबाची हवा काढतात, ती थंड करून केबिनमध्ये सतत सोडत राहतात, आणि शेपटाकडे पोटाखाली असलेली ही झडप ती हवी तितकीच बाहेर जाऊ देते. जरा जास्त उघडली की दाब उतरतो, जरा मिटली की चढतो. बोइंग ७८७ मध्ये इंजिनातून हवा काढत नाहीत, विजेवर चालणारे वेगळे कॉम्प्रेसर आहेत आणि केबिनही ६ हजार फुटांवर ठेवतात, पण झडप तिथेही लागतेच.

सिन्नरचा विद्यार्थी:
ब्लेड आणि व्हेन दोन्हीला खर्ड्यात 'पाते' असेल तर ते पण बघा ताई. आम्हाला पहिल्याच लेक्चरला सांगितलं की फिरतं ते ब्लेड, स्थिर असतं ते व्हेन, ही गल्लत चालत नाही.

पंचवटीची अनुवादक:
हो, दोन्हीला पातेच आहे. आणि व्हेनला एके ठिकाणी 'मार्गदर्शक पाते'. मार्गदर्शक म्हटलं की मला पीएचडीचे गाइड आठवतात.

सातपूरची प्राध्यापिका:
सिन्नरकराचं बरोबर आहे. फिरतं पातं हवेत ऊर्जा घालतं, तिला ढकलतं आणि गोल फिरवतं. त्याच्या मागची स्थिर रांग ते फिरणं सरळ करते आणि त्या वेगाचा दाब करते, म्हणून एक रांग फिरती, एक स्थिर, पुन्हा फिरती, पुन्हा स्थिर असा कॉम्प्रेसर रचलेला असतो. पुढच्या काही स्थिर रांगा आपल्याच आसाभोवती थोड्या वळू शकतात. इंजिन कमी फेऱ्यांवर असताना हवा पात्यावर चुकीच्या कोनात येते, पातं स्टॉल होतं, म्हणजे हवा पात्याला सोडते, आणि ते पसरत गेलं तर आख्खा प्रवाह उलटा फिरून पुढून धडाका येतो, तो सर्ज. रांगा वळवून तो कोन सुधारतात, शिवाय मधल्या टप्प्यावरची हवा ब्लीड व्हॉल्व्हने सोडून देतात. मी वर्गात ब्लेडला 'पातं' आणि व्हेनला 'वळणपट्टी' म्हणते, बोर्डावर लिहिलं की मुलांना लगेच कोण काय करतं ते कळतं.

ओझरकर:
वळणपट्टी चांगला आहे, पण 'स्थिर वळणपट्टी' आणि 'वळती वळणपट्टी' असं करू नका, तोंडात अडकतं. वळणाऱ्या रांगेला 'फिरवता येणारी वळणपट्टी' म्हणा.

सिन्नरचा विद्यार्थी:
'फिरवता येणारी' म्हटलं तर ब्लेडचं फिरणं आणि हे फिरणं एक होईल ना काका?

ओझरकर:
बरोबर बोललास. मग 'कोन बदलणारी वळणपट्टी'. लांब आहे पण खोटं नाही.

जुन्या नाशकातला:
पंखावरचे भाग घेतलेत का? मिग-२१ च्या पंखावर छोटी उभी फळी दिसते, तिला फेन्स म्हणतात असं वाचलंय. कुंपण म्हणायचं का?

ओझरकर:
कुंपण चारी बाजूंनी असतं. 'पडदी' म्हणा, दोन खोल्यांमधली पातळ भिंत असते तशी. मागे ओढलेल्या पंखावर पृष्ठभागालगतची हवा टोकाकडे सरकत जाते, ती आडवी सरकू नये म्हणून पडदी. व्होर्टेक्स जनरेटर मात्र वेगळे, त्यांना पडदी म्हणू नका. ते बोटाच्या पेराएवढे पत्रे, ओळीने तिरपे लावलेले, प्रत्येकाच्या टोकावरून एक भोवरा सुटतो आणि वरची वेगाची हवा खालच्या मंदावलेल्या थरात मिसळतो, त्यामुळे हवा पंखाला सोडत नाही. 'भोवरापट्टी' म्हणा.

अंबड एमआयडीसी:
भोवरापट्टी लगेच कळलं मला, आणि मी विमानातला नाही. फ्लॅप, स्लॅट, स्पॉयलर तसेच ठेवा, त्यांना झडप म्हणायचा प्रश्नच येत नाही.

सातपूरची प्राध्यापिका:
फ्लॅपला झडप तर अजिबातच नको, तो हवा अडवत नाही, पंखाची वक्रता वाढवतो. तेजसचं एक चित्र घ्या मात्र, नाशिकमध्ये तेजस एमके-१ए ची लाइन १७ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाली, मुलं विचारणारच. त्याची इनटेक दोन बाजूंना, आत मागे जाऊन वाय आकारात एकत्र येतात. इनटेक आणि विमानाचं अंग यांच्यात एक फट सोडलेली दिसते. ती रिकामी फट नाही, अंगाला घासून मंदावलेली हवा तिच्यातून बाजूला काढून देतात, इंजिनात फक्त ताजी वेगाची हवा जावी म्हणून. मुलांना आधी ती फट दाखवा, भागाचं नाव नंतर सांगा.

पंचवटीची अनुवादक:
सगळ्यांचे आभार, खर्ड्यातल्या बहुतेक झडपा गेल्या, आउटफ्लो, ब्लीड, डॅम्पर आणि मिगच्या नाकाजवळची दारं एवढ्याच ठेवल्यात. शेवटचं एक सांगा, मुद्रितशोधक अडून बसलेत: तो डक्ट का ती डक्ट?

अंबड एमआयडीसी:
ती डक्ट. 'डक्ट टाकली', 'डक्ट तुंबली'.

ओझरकर:
आमच्याकडे तो डक्ट. 'डक्ट काढला, सील बदललं, परत बसवला', कायम असंच.

सातपूरची प्राध्यापिका:
तक्ता विमानाचा आहे, ओझरचं ऐका. पुल्लिंगी ठेवा.