लॅपटॉपचा कीबोर्ड ठप्प, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ३९

खानापूर_झेरॉक्स:
नमस्कार मंडळी, खानापुरात माझं झेरॉक्स आणि अर्ज भरून द्यायचं दुकान आहे, कन्नड मराठी दोन्ही टायपिंग चालतं. काल एक जुनं कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि रिस्टार्ट केल्यापासून कीबोर्डचं एकही बटण लागेना झालंय, यूएसबीचा कीबोर्ड लावला तर तोपण चालेना. विंडोज १० आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, कोड ३९, म्हणजे ड्रायव्हर लोड होत नाही. ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून बघितला, परत तेच. दुरुस्तीवाला कीबोर्डच बदला म्हणतोय. बदलू काय? लोक अर्जासाठी थांबलेत आणि मी स्क्रीनवरच्या कीबोर्डावर माऊसनं एकेक अक्षर टिपत बसलोय.

टिळकवाडी_हार्डवेअर:
बदलू नका हो! दोन्ही कीबोर्ड एकदम जात नसतात. चालू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये जावा (काही लॅपटॉपात एफ१० नाहीतर डिलीट), तिथं बाणाची बटणं चालली तर कीबोर्ड ठणठणीत आहे, घोळ विंडोजमध्ये.

खानापूर_झेरॉक्स:
चालतोय की बायोसमध्ये!

निपाणीकर:
मग रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगा साठवतात ती जागा) अप्परफिल्टर्स नावाची नोंद बघा. असली सॉफ्टवेअर कीबोर्डच्या ड्रायव्हरवर आपला एक फिल्टर बसवतात, काढताना फाइल जाते पण रजिस्ट्रीत नाव तसंच राहतं, मग विंडोज ती फाइल शोधतंय आणि न मिळाल्यावर सगळेच कीबोर्ड बंद. रजेडिट (रजिस्ट्री बघायचा विंडोजचा प्रोग्राम) उघडा, एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास, त्यात ४डी३६ई९६बी नं सुरू होणारा फोल्डर. आधी तो एक्स्पोर्ट करून ठेवा. उजवीकडं अप्परफिल्टर्सवर डबल क्लिक करून केबीडीक्लास (हा विंडोजचा स्वतःचा कीबोर्ड ड्रायव्हर) सोडून जे दुसरं नाव असेल तेवढंच काढा आणि रिस्टार्ट मारा. अख्खं अप्परफिल्टर्स डिलीट करा असं काही व्हिडिओत सांगतात, ते अजिबात करू नका, केबीडीक्लास गेलं की कीबोर्ड चालतच नाही.

खानापूर_झेरॉक्स:
झालं! केबीडीक्लासच्या वर त्या सॉफ्टवेअरचं नाव होतंच, काढलं आणि चालू. लई उपकार दादा. आता कन्नड टायपिंगला काय घालू?

टिळकवाडी_हार्डवेअर:
काही घालू नका, विंडोजमध्येच कन्नड आणि मराठी दोन्ही इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची ठरलेली कीबोर्ड मांडणी) आहेत, सेटिंगमध्ये लँग्वेजमधून ॲड करा, विंडोज आणि स्पेस दाबलं की बदलतंय. दोन्हीत अक्षरांच्या जागा जवळपास सारख्याच, क म्हणजे के आणि ळ म्हणजे शिफ्ट एन. कन्नडचे ऱ्हस्व ए आणि ओ तेवढे वेगळे शिकायला लागतील. फक्त एक, जुन्या नॉन युनिकोड फाँटातल्या, म्हणजे तोच फाँट असला तरच वाचता येणाऱ्या फाइली असतील तर त्या युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या, नाहीतर नुसती चिन्हं दिसतील.