पीटर नाझरेथ गोव्याचे लेखक कसे नाहीत?

अंत्रूजकर: काल इथे एकाने लिहिलं, ‘युगांडाच्या कंपालात जन्म, अमेरिकेत आयोवात प्राध्यापकी, लेखन इंग्रजीत, नाझरेथचा गोव्याशी संबंध काय?’ राहवलं नाही. त्यांच्या ‘इन अ ब्राऊन मँटल’ या कादंबरीचा निवेदक गोमंतकीयच आहे, दामिबिया या काल्पनिक देशाच्या राजकारणात पडलेला. वर गोरा साहेब, खाली आफ्रिकी जनता, मधे दप्तर सांभाळणारा आपला माणूस. साहेब गेल्यावर त्याचं काय होतं, हा विषय. कादंबरी १९७२ची, त्याच ऑगस्टात युगांडाच्या इदी अमीनने आशियाईंना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. नाझरेथनी युगांडाच्या अर्थखात्यात नोकरी केलेली. सरकार आतून पाहिल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

पेडणेकार: कादंबरी चांगलीच आहे, बाब. पण स्थलांतर म्हणजे आगबोट, नैरोबी नि मुंबईत धोबीतलावचे कूड, म्हणजे गोंयकारांची सामायिक बिऱ्हाडं, एवढंच का? पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा, १५६०च्या दशकात, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला नेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. देवामागून माणसं गेली. त्यावर कुठला प्राध्यापक लिहितो?

साष्टीकर: साडेचारशे वर्षं मागे कशाला? आज गावं रिकामी होताहेत ती लिस्बनच्या कागदांनी, म्हणजे पोर्तुगीज नागरिकत्वाने. पोर्तुगीज राज्य गेलं त्या १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्याची जन्मनोंद तिथे करायची, मग त्याच्या लग्नाची, मग मुलाची. लग्नाची राहिली की मुलाची फाईल अडते.

पेडणेकार: आणि हिंदूंचं काय होतं ते सांगा ना! जुन्या दप्तरात ‘पोरोबो’, शाळेच्या दाखल्यावर ‘प्रभू’. दोघे एकच हे शाबीत करताना माणूस टेकीला येतो. वकील फी घेतो ती वेगळी.

मांडवीकाठ: एवढी धडपड परका पासपोर्ट घ्यायला? मुक्तिलढ्यात लोकांनी तुरुंग भोगले ते यासाठी?

साष्टीकर: तोंड सांभाळा. इथे पोट भरलं असतं तर कोण गेलं असतं? आपल्या कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही; नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ने भारतीयत्व जातं. लोक ते जाणून, रडत सोडतात. त्यात ब्रेक्झिटमुळे २०२० संपल्यापासून नवा पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडात स्विंडनला गेलं तरी व्हिसाशिवाय काम मिळत नाही.

अंत्रूजकर: अहो, नाझरेथ हेच तर लिहितात! राज्य बदललं की कागद बदलतो, नि माणूस कुठला हे दुसराच ठरवतो. हे वाचायचं सोडून लेखकाचा जन्मदाखला काय तपासता?

पेडणेकार: बरं, नाझरेथ गोव्याचे. मानलं, नाइलाजाने. पण मराठीत अनुवाद करून द्या, आमच्या पेडण्याच्या वाचनालयात ठेवू. आणि कुठ्ठाळीहून रातोरात खाडी ओलांडणाऱ्यांची कादंबरी अजून हवी, ती मागणी मी सोडत नाही.