मदत हवी आहे: पीएनएचसाठी रॅव्हुलिझुमॅब सोडून गोळ्या सुरू कराव्यात का?

माझ्या थोरल्या बहिणीला पीएनएच, म्हणजेच पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया, हा दुर्मीळ रक्तविकार आहे. ताई इंग्लंडमध्ये राहते आणि गेली दोन वर्षे दर आठ आठवड्यांनी शिरेतून रॅव्हुलिझुमॅब घेते. हे औषध प्रतिकारशक्तीच्या यंत्रणेतील सी5 हे प्रथिन रोखते, त्यामुळे रक्तवाहिन्यांमध्ये तांबड्या पेशी फुटणे जवळजवळ थांबले, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारे एक द्रव्य) उतरले आणि गुठळ्यांची आमची भीतीही पुष्कळ कमी झाली. परंतु हिमोग्लोबिन 8.5 च्या वर सरकत नाही आणि जिना चढताना तिला अजूनही दम लागतो. डॉक्टरांनी सांगितलेले कारण असे, की फुटण्यापासून वाचलेल्या पेशींवर सी3 या त्याच यंत्रणेतील दुसऱ्या प्रथिनाचे तुकडे चिकटतात आणि अशा पेशी यकृत व प्लीहा नष्ट करतात.

त्यांनी दोन पर्याय सुचवले आहेत: आठवड्यातून दोनदा त्वचेखाली घ्यायचे पेगसेटाकोप्लॅन, किंवा दिवसातून दोनदा 200 मिलिग्रॅमची इप्टाकोपॅनची गोळी. मला गोळी सोयीची वाटते, पण ताईची नोकरी पाळ्यांची आहे आणि डोस चुकल्यास पेशी एकदम फुटू लागण्याचा धोका असतो, ही काळजी मनातून जात नाही.

आपल्यापैकी कोणी, किंवा घरातील कोणी, असा बदल केला आहे का? हिमोग्लोबिन किती आठवड्यांत वाढले, (या औषधांमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो म्हणून) ताप आल्यावर काय केले आणि मेनिंगोकोकल व न्यूमोकोकल लसी पुन्हा घ्याव्या लागल्या का, हे कृपया सविस्तर लिहावे. निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घेणार आहोत. पुढची भेट तीन आठवड्यांनी आहे.