रस्त्यावरच्या मस्टँगला मागच्या सबफ्रेमचा ब्रेस लावावा का?

होटगी रोड (धागाकर्ता)

माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली फोर्ड मस्टँग जीटी आहे, २०१६ मध्ये भारतात आलेल्या पिढीतली. पाच लिटरचे व्ही-आठ इंजिन, ५१५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. या पिढीत मस्टँगच्या सर्व मॉडेलना मागे स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले. डिफरन्शियल (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारी गिअरपेटी) आणि सस्पेन्शनचे आर्म एका सबफ्रेमवर, म्हणजे गाडीखालच्या धातूच्या चौकटीवर, बसवलेले असून तो सबफ्रेम चार मोठ्या रबरी बुशांमधून, म्हणजे धक्के शोषणाऱ्या रबरी जोडांमधून, बॉडीला जोडलेला आहे. जागेवरून गाडी जोरात काढली की मागची चाके थडथडतात, आणि पुणे महामार्गावर लेन बदलताना पुढचा भाग वळल्यानंतर मागचा भाग क्षणभर उशिरा येतो असे जाणवते. हा सबफ्रेम आवळून धरणारा ब्रेस बाजारात मिळतो आणि तो लावावा असे माझे मत आहे. गाडी ट्रॅकवर जाणार नाही. सोलापूर शहर, पुण्याचा रस्ता आणि अधूनमधून तुळजापूरचा घाट एवढाच तिचा वावर आहे. लावू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी कारणे सविस्तर मांडावीत.

चिंचोळी एमआयडीसी

माझा विरोध आहे, आणि तो ब्रेसपेक्षा ज्या क्रमाने आपण विचार करत आहात त्याला आहे. चाके थडथडण्याची कारणे अनेक असतात: जुने होऊन कडक झालेले टायर, थकलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर, डिफरन्शियलचे फाटलेले बुश आणि मग सबफ्रेमचे बुश. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. ते आधी वाचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि डांबर त्याहूनही तापते, त्यामुळे कमी चाललेल्या गाडीचेही रबर वयाने मरते.

त्यानंतर गाडी लिफ्टवर घ्या. सबफ्रेम आणि बॉडी जिथे शेजारी येतात, तिथे दोन्हींवरून जाणारी एक रेघ पेंट मार्करने ओढा, टॉमी (लोखंडी पहार) लावून सबफ्रेम हलवा आणि मदतनिसाला मोबाइलवर त्या रेघेचे जवळून चित्रीकरण करायला सांगा. रेघ तुटून किती सरकते आणि सोडल्यावर पुन्हा जुळते का, हे डोळ्यांनी दिसेल. असाच प्रयोग डिफरन्शियलच्या बुशावरही करा. नेमके काय हलते हे कळण्याआधी लोखंड विकत घेणे मला पटत नाही.

कारखान्याने तिथे रबर घातले ते काटकसर म्हणून नव्हे. डिफरन्शियलच्या दातांचा आवाज आणि रस्त्याचे धक्के तेच अडवते. आपल्या जिल्ह्यात बरेच रस्ते काळ्या मातीवर आहेत. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, म्हणून वरचे डांबर कितीही नवे असले तरी लाटा येतातच. ते सगळे धक्के आपण थेट बॉडीत सोडणार आहात.

तुळजापूर घाट

आधी तपासा, हे मान्य. पण सगळा दोष जुन्या रबराचा, हे मान्य नाही. या मस्टँगच्या सबफ्रेमच्या बुशांत मुद्दाम पोकळ जागा ठेवलेल्या आहेत, त्यामुळे नवी गाडीसुद्धा जोरात काढल्यावर सबफ्रेम पिळला जातो. इंजिनचा टॉर्क पहिल्या गिअरमध्ये चौपटीहून अधिक होतो आणि डिफरन्शियलमध्ये पुन्हा तिपटीहून अधिक. म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा टॉर्क सहा हजार न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ शकतो. टायर पकडतो, सबफ्रेम पिळतो, टायर सुटतो, सबफ्रेम उलटा येतो, आणि हे सेकंदाला अनेकदा घडते. त्यात चाक फिरवणारा एक्सल शाफ्ट तुटू शकतो, त्यामुळे याला केवळ हौस म्हणता येणार नाही.

शिवाय ब्रेस म्हणजे नेमके काय, याचीच आपण गल्लत करत आहोत. एक प्रकार बुशांच्या पोकळीत बसणाऱ्या इन्सर्टचा आहे आणि दुसरा सबफ्रेमपासून बॉडीपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्याचा. इन्सर्टमध्ये रबर जागेवरच राहते, फक्त त्याची अनावश्यक हालचाल बंद होते. आवाज थोडा वाढतो, असह्य होत नाही. घाटातल्या वळणावर थ्रॉटल दिला की मागचा भाग लगेच बसतो, आणि हा फरक साध्या वेगातही कळतो.

विजापूर नाका

कागदपत्रांपुरते सांगतो. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने मना केला आहे. ब्रेसमुळे इंजिन, इंधन किंवा आसनसंख्या बदलत नाही. तरीही विमा कंपनीला लेखी कळवून पोच ठेवावी.

चिंचोळी एमआयडीसी

दोन प्रकारांतला फरक तुळजापूर घाट यांनी बरोबर दाखवला. लांब दांड्याला माझा ठाम नकार आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा असे आहे, पण गल्लोगल्ली तसे गतिरोधक सापडतात का? अरुंद, उंच उंचवट्यावर आधीच खाली असलेल्या गाडीच्या पोटाशी आणखी एक दांडा नको.

इन्सर्टबाबत माझी शंका वेगळी आहे. एक जोड घट्ट केला की ताण पुढच्या जोडावर जातो. इथे तो डिफरन्शियलच्या बुशांवर जाईल. ते आधीच थकलेले असतील तर आपण त्यांचे आयुष्य संपवत आहात. आणि चारचाकींना चारपदरी महामार्गावर १०० किलोमीटरची मर्यादा असताना त्या क्षणभराच्या उशिरासाठी किती मोजायचे?

तुळजापूर घाट

मर्यादेच्या आत समोर अचानक जनावर आले तरी लेन बदलावीच लागते. तेव्हा मागचा भाग वेळेवर यावा, ही अपेक्षा वाजवी आहे.

होटगी रोड (धागाकर्ता)

गाडी लिफ्टवर घेतली. सबफ्रेमची रेघ सरकून परत जुळते. डिफरन्शियलचा एक बुश मात्र रबर आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये अर्ध्याहून जास्त सुटलेला निघाला. टायरही वयाने जुने आहेत. बुश आणि टायर बदलण्याचे काम दिले आहे.

तुळजापूर घाट

मग इन्सर्टही त्याच वेळी बसवून घ्या. गाडी उघडलेलीच आहे, आणि व्हील अलाइनमेंट एकदाच करावे लागेल.

चिंचोळी एमआयडीसी

एकदम सगळे केले तर गुण कशाने आला ते कधीच कळणार नाही. आधी रबर, मग काही आठवडे चालवून निर्णय.

होटगी रोड (धागाकर्ता)

मजुरी दुप्पट होईल हे ठाऊक असूनही आधी बुश आणि टायरच बदलतो. त्यानंतरही लेन बदलताना मागचा भाग उशिरा आला, तर इन्सर्ट बसवीन. लांब दांड्याचा विचार मी सोडला आहे.