मदत हवी आहे: ऐन-किंजळीचा अभ्यास, पण माणसं कशी मोजायची?
नमस्कार मंडळी, मी दापोलीला फॉरेस्ट्रीत एमएससी करतेय, विषय कृषिवनिकी, म्हणजे शेतीसोबत झाडं राखणं. देशाचं कृषिवनिकी धोरण 2014 ला आलं पण आपल्याकडे कोकणात ऐन, किंजळ ही झाडं राखून त्यांचा टाळ (पानांसकट फांद्या) भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपं करायची जमीन भाजण्यासाठी, तोडायची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची आहे. माती, सावली, भाताचं उत्पन्न हे सगळं मी मोजेन हो, पण झाड ठेवायचं की विकायचं हे ठरतं सातबाऱ्यावरच्या सामायिक नावांवर, मुंबईला गेलेल्या भावांवर, आणि डोक्यावरून टाळाचे भारे आणणाऱ्या बायकांना तर कोणी विचारतच नाही, मग हे अभ्यासात आणायचं कसं? समाजशास्त्र, अर्थशास्त्रवाले कोणी आहात का इथे? माझी प्रश्नावली एकदा बघून द्याल का प्लीज, पावसाआधी गावात जायचंय.